नव्वद दारांची शाळा

एका राज्यात डोंगरमाथ्यावर थोरली शाळा होती. तिला सात दालने, नव्वद दारे, आणि अंगणात एकशे चार दगडी मुले. ती मुले कुणा शिल्पकाराने घडवली नव्हती. ती तिथे शिकायला आलेली होती.

गावोगावच्या पाठशाळा लहान. एक पंतोजी, वीस मुले, आणि आईने हाक मारली तर ऐकू जावी इतकेच अंतर. पण बारावे वर्ष लागले की मुलाने थोरल्या शाळेत जावे, असा राजाचा नियम होता. शंभर वर्षांपूर्वी एका मांत्रिकाने त्या नियमाला शाप जोडला. जे नवे मूल तीन दिवस कोणाशी बोलणार नाही, ते दगड होईल. ज्या घरचे मूल येणारच नाही, त्या घरची चूल पेटणार नाही. राजांनी सैन्ये धाडली, यज्ञ मांडले. शाप हलला नाही. आया लेकरांना बजावीत, "बोल हं कोणाशी तरी." पण उंबरठ्यावर पाऊल पडताच भीतीने जीभ शिशासारखी जड होई, आणि दरवर्षी अंगणात एखादा नवा दगड उभा राही.

त्या राज्यात मालन नावाची रंगाऱ्याची मुलगी होती. तिचा थोरला भाऊ भैरव दोन वर्षांपूर्वी शाळेत गेला होता. तो परत आला नाही. आता मालनला बारावे लागले.

"जाऊ नकोस," आई म्हणाली. "चूल विझली तर विझू दे. भिजवलेले हरभरे खाऊन राहू."

"आणि दादा? तो तिथेच राहील?"

 आईने भाकरी फडक्यात बांधली, पण निरोपाला दारापर्यंत आली नाही.

मालन धुक्यातून डोंगर चढली. अंगणात तिला भैरव दिसला. त्याच्या खांद्यावर शेवाळ होते आणि डाव्या कानाचा टवका उडाला होता. ती हाक मारू गेली, पण आवाज निघेना. पायांकडे पाहिले तर बोटांची नखे राखाडी झालेली.

फाटकावर एक साळुंकी बसली होती. सारी मुले मान खाली घालून तिच्याखालून जात. मालन मात्र थांबली. तिने दोन्ही हातांनी गळा धरला आणि जोर लावून एकेक शब्द बाहेर काढला.

"हा शाप कसा सुटतो?"

"शंभर वर्षे मी इथे बसले आहे," साळुंकी म्हणाली. "पहिल्यांदा कोणी विचारले. कामे तीन, दिवस तीन. आज घंटा थांबायच्या आत पहिल्या दालनात पोहोच. उद्या जो एकटा जेवतो, त्याला बोलते कर. परवा सातव्या दालनात जा, आणि तिथे आजवर जे कोणी विचारले नाही ते विचार."

"ते काय?"

"मला ठाऊक असते, तर मी उडून गेले नसते का?"

घंटा सुरू झाली. मालन आत धावली. दारे जागा बदलत होती. एक दार कोठारात निघाले, दुसरे विहिरीवर, तिसरे पुन्हा पहिल्याच ओवरीत. तिच्याभोवती थोरली मुले सरळ चालत होती, जणू भिंती त्यांना ओळखत होत्या. मालनचे घोटे थंड पडले. आपण एवढे मूर्ख कसे, असे तिला वाटले. विचारले तर हसतील, हेही वाटले. अखेर तिने एका उंच मुलाची बाही धरली.

"पहिले दालन कुठे?"

तो हसला. मालनचे डोळे भरले.

"अगं, तुला नाही हसलो," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी मी ज्वारीच्या कोठारात जाऊन बसलो होतो. गुरुजी आले तरी उठेना. चल."

दोघे चालू लागली, तशी दारे जागच्या जागी थांबली. शेवटच्या टोल्याला मालन दालनात होती.

दुसऱ्या दिवशी भोजनगृहात तिने पाहिले, कोपऱ्यात एक मुलगी पानापुढे बसली होती. तिचे नाव वेणू. तिचे हात मनगटापर्यंत दगड झाले होते आणि घास उचलता येत नव्हता. मालन शेजारी बसली. आईच्या भाकरीचा तुकडा मोडून तिने चटणीला लावला आणि वेणूच्या तोंडाशी धरला. वेणूने खाल्ला, पण बोलली नाही. मालन आपली सांगत राहिली. नीळ भिजवल्यावर कशी घाण वास मारते, भैरव झोपेत कसा गातो, अंगणात तो कुठे उभा आहे. पंगती उठल्या. वेणूचे कोपर राखाडी झाले. मालनला वाटले, आपल्याकडून हे होणार नाही. तिने शेवटचा तुकडा पुढे केला.

"चटणी फार तिखट आहे," वेणू कुजबुजली, आणि रडू लागली. रडता रडता तिची बोटे हलली.

तिसऱ्या दिवशी दोघी सातव्या दालनाशी गेल्या. आत मांत्रिक बसला होता. शंभर वर्षांत त्याची दाढी फरशीवर पसरली होती. त्याच्या शेजारी तांब्याची पेटी होती. लोक म्हणत, तिच्यात राज्याचे सोने आहे आणि शिवेल तो मरेल.

"सोने हवे?" मांत्रिकाने विचारले.

"नको."

"भाऊ हवा?"

"हवा," मालन म्हणाली. इतकी भीती तिला कधी वाटली नव्हती. राजांनी याला काय काय विचारले असेल? सोने, मंत्र, क्षमा. मग तिला दिसले की हा म्हातारा भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसला आहे. अंगणातली मुले अशीच उभी होती, अंग चोरून.

"आजोबा, तुमचे नाव काय?"

मांत्रिकाचे तोंड उघडे राहिले.  "मी या शाळेत आलो," तो म्हणाला, "तेव्हा चार महिने कोणी विचारले नाही. मग मी ते या पेटीत ठेवले. आता मलाही आठवत नाही." त्याने पेटी उघडली. आत लहान मुलाचा अंगरखा होता, आणि गळ्याशी कुणा आईने दोऱ्याने शिवलेली अक्षरे.

"हरबा," त्याने वाचले. "माझे नाव हरबा."

"आमच्यात या, हरबाआजोबा," वेणू म्हणाली. "आम्हीही नव्याच आहोत."

म्हातारा मोठ्याने रडला, आणि अंगणातून एकशे चार मुलांचा कालवा ऐकू आला. साळुंकी फाटकावरून उडून गेली.

पण सगळेच आनंदाचे झाले असे नाही. साठ वर्षे उभ्या राहिलेल्या मुलांना घरी नेणारे कोणी उरले नव्हते. एका मुलीची वेणी पावसाने झिजून गेली होती, ती हाताने मान चाचपत राही. राजा स्वतः डोंगर चढून आला. त्याने त्या मुलांना शाळेतच घर दिले, आणि फर्मान काढले की दर नव्या मुलाला पहिल्या दिवशी एका जुन्या मुलाने नाव विचारावे व दारे दाखवावीत. हरबा त्याच हिवाळ्यात गेला. पोरांनीच त्याला खांदा दिला.

पहिल्या सुटीत मालन आणि भैरव घरी आली. आई रंगाच्या कुंडाशी निळीत हात घालून उभी होती. भैरव अजून बाराचाच होता. आईने निळ्या हातांनी दोघांची तोंडे कुरवाळली, मग त्यांना पाठीला पाठ लावून उभे केले. मालन बोटभर उंच निघाली.

"आई," भैरव घाबरून म्हणाला, "आता थोरले कोण?"

आईने दोघांकडे पाहिले. दोन वर्षांनी तिला हसू आले. "जो आधी पाणी भरून आणील तो."

आणि दोघे घागरी घेऊन धावत सुटली.