शंभर गुणांची लिफ्ट

लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत शेजवलकर साहेबांनी मोठ्या ऐटीत एक सॉफ्टवेअर आणून बसवलं. लिफ्ट चालवणारा सी या संगणकभाषेतला कोड नीटनेटका लिहिलाय की नाही, हे ते तपासायचं आणि शंभरपैकी गुण द्यायचं. साहेबांनी स्वतः कोड वाचणं त्याच दिवशी सोडलं.

तिथली प्रोग्रामर मंजिरी वाघचौरे मात्र वाचायची. दार उघडं असतानाही लिफ्ट सुटू शकते, हे तिला कोडमध्ये दिसलं. तिने दुरुस्ती करून दिली, तर सॉफ्टवेअरने तिचा कोड नापास केला! ओळींत अठरा ठिकाणी मोकळी जागा कमीजास्त झाली होती. आणि फेरतपासणी पुढच्या महिन्यात, हा साहेबांचाच नियम.

"साहेब, जागा आत्ता सारख्या करते, पण दाराचं बघा."

"बाई, जुन्या कोडला शंभर गुण आहेत. तुमच्या अठरा चुका. मी कोणाचं ऐकू?"

चाचणीचा दिवस आला. नव्या लिफ्टपुढे नारळ फोडायचा आणि पहिली फेरी साहेबांनी मारायची, ही तिथली रीत. नारळ फुटला. मंजिरी अदबीने बाजूला सरली.

"चला साहेब. शंभर गुणांची लिफ्ट आहे."

साहेबांचा पाय उंबऱ्यावरच अडला. सगळे बघत होते.

"बाई, तुमचाच कोड घाला."

"नापास कोडवर तुमचा जीव कसा टांगू, साहेब?"

"घाला म्हणतो ना!"

त्या नापास कोडवर साहेब सातव्या मजल्यापर्यंत जाऊन सुखरूप खाली आले. आठवड्याने त्यांनी मंजिरीच्या वार्षिक अहवालात लिहिलं, 'शिस्त नाही. बढती देऊ नये.'

खाली कर्मचाऱ्याच्या अभिप्रायासाठी रकाना होता. तिने लिहिलं, 'मान्य. शिस्त पाळली असती, तर हा अहवाल लिहायला साहेब उरले नसते.'