राजाने देऊन टाकलेला प्रश्न

एका राज्यात भानुकेत नावाचा राजा होता. मनाने उदार, हाताने सढळ, आणि डोक्याने, खोटं कशाला सांगू, जरा घाईचा. त्याच्या दरबारी एकदा मधुकंठ नावाचा मांत्रिक आला. त्याने वाळूचं सोनं केलं, सोन्याचे मोर केले आणि ते मोर दरबारभर नाचवले. राजा खूश होऊन म्हणाला, माग काय हवं ते. मांत्रिकाने गाव मागितलं नाही, हत्ती मागितला नाही. तो म्हणाला, "महाराज, आपल्या राज्यातला एक शब्द द्यावा. 'कशावरून' एवढाच." राजा पोट धरून हसला. एवढंच ना, घे म्हणाला, त्याच्या हातावर पाणी सोडलं आणि दान पक्कं झालं.

झालं! त्या दिवसापासून राज्यात कुणाच्या जिभेवर तो शब्द येईना. शब्दच नाही म्हटल्यावर शंका तरी कुणी कशी विचारावी? पोटात जरा चाळवाचाळव व्हायची आणि तिथेच विरून जायची.

आता त्या दरबाराची रीत ऐका. मधोमध एक चंदनाचा चौरंग असे. ज्याला काही म्हणायचं असेल त्याने त्यावर उभं राहून म्हणायचं, मग ऐकणाऱ्यांनी विचारायचं, भांडायचं, आणि शेवटी काय ते ठरायचं. शब्द गेला तशी रीत अर्धी उरली. चौरंगावर मधुकंठ उभा राही, आणि दरबार नंदीबैलासारख्या माना डोलवी. त्याच्या मंत्राचं सगळं बळ त्या डोलणाऱ्या मानांत होतं. माना डोलल्या की तो म्हणेल ते घडे. एकदा तो म्हणाला, बाजारातले आंबे आधी माझे. माना डोलल्या, आणि आंबे टोपल्यांतून उतरून घरंगळत त्याच्या घराकडे निघाले. बारा वर्षं हे असंच चाललं.

राजधानीच्या उशाला एक तळं होतं. गावातल्या साऱ्या विहिरी त्याच्याच पाण्यावर जगत. सिदोबा हा तळ्याचा राखणदार. रोज पहाटे त्याने बांधावरून फेरी मारायची आणि शिंग फुंकायचं, म्हणजे पाणी जागच्या जागी आहे हे गावाला कळे. एका पहाटे शिंग वाजलं नाही. लोक धावत बांधावर गेले तर तळं कोरडं ठणठणीत. दुपारपर्यंत विहिरीही आटल्या.

मधुकंठ चौरंगावर चढला. आपलीही विहीर आटली म्हणून आधी हळहळला. "शिंग चुकलं त्याच दिवशी तळं आटलं," तो म्हणाला. "म्हणजे राखणदाराच्या पापाने आटलं. हा पायाकडून दगड होवो, रोज एक वीत. पुरता दगड झाला की बांधात बसवा. पाणी परत येईल."

काय तो आवाज! दुधात केशर विरघळावं तसा कानात विरघळे. साऱ्या माना डोलल्या. सिदोबाची एकुलती लेक सुरंगी तिथेच उभी होती. तिचीही मान डोलली. बापाचे पाय दगडाचे होताना तिने पाहिले तेव्हा तिला कळलं की आपणही मान डोलवली, आणि ते तिच्या मनाला फार लागलं.

सिदोबा होता आठ विती उंच. सातव्या दिवशी दगड गळ्याशी पोचणार आणि श्वास थांबणार, हा हिशोब कुणी सांगायला नको होता. दरबाराच्या अंगणात उभा होता तिथेच तो खिळला होता. त्याने लेकीला जवळ बोलावलं.

"सुरंगे, राजाने दान दिलं ते आपल्या हद्दीतलं. हद्दीपलीकडे उंबरांच्या रानात सातभाई राहतात. ते कुणाचं सुखाने ऐकून घेत नाहीत. त्यांच्याकडे जा."

सातभाई म्हणजे ते करड्या पिसांचे पक्षी, सातांच्या टोळक्याने हिंडणारे आणि दिवसभर कलकलाट करणारे. आपल्याकडचे नुसता कलकलाट करतात, उंबररानातले माणसाच्या भाषेत करत. सुरंगी दिवसभर चालून तिथे पोचली, हात जोडले, आणि म्हणाली की माझ्या बापावर अन्याय झालाय.

"कशावरून?" सातही एकदम ओरडले.

तो शब्द बारा वर्षांनी ऐकला आणि सुरंगीच्या अंगावर काटा आला. तो मला द्या, म्हणून तिने पदर पसरला. थोरला भाऊ म्हणाला, देऊ, पण फुकट नाही, तीन दिवस आणि तीन कामं.

पहिलं काम सोपं दिसलं. मधुकंठ काय बोलला ते जसंच्या तसं सांगायचं. सुरंगीने सुरुवात केली, "तो लबाड म्हणाला..." लगेच सातांनी गिल्ला केला. लबाड हा शब्द तो बोलला होता का? नाही. मग तो तुझा, तुझ्यापाशी ठेव. तिने पुन्हा सुरू केलं, पुन्हा गिल्ला. कधी ती दोन शिव्या जास्त घाली, कधी त्याचं एखादं बरं वाक्य गाळी. संध्याकाळपर्यंत तिचा घसा बसला. शेवटी रागाला बाजूला ठेवून तिने ते सरळ सांगितलं, आणि सांगता सांगता थबकली. सगळा मध काढून टाकल्यावर बोलण्यात उरलं होतं एवढंच : शिंग चुकलं, तळं आटलं, म्हणून याच्यामुळे ते. एवढ्यापुढे आपण मान डोलवली? तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सातभाईंनी तिला एका घळीपाशी नेलं. घळीवर पूल नव्हता. तुझ्या बोलण्याचा पूल बांध आणि पलीकडे जा, असं त्यांनी सांगितलं. त्या रानात हे चाले. सुरंगी म्हणाली, "माझे आबा निर्दोष आहेत, कारण ते भले आहेत." समोर एक फळी आली. तिने पाय ठेवला, वरून सातांनी विचारलं, कशावरून? फळीचा धूर झाला आणि बाई खाली खाजकुइलीत. खाजवत खाजवत वर आली, म्हणाली, सगळं गाव त्यांना भलं म्हणतं. पुन्हा धूर, पुन्हा खाजकुइली. तीन वेळा पडल्यावर अंगाची आग आग होत असताना तिला दोन वर्षांपूर्वीचं आठवलं. सिदोबा चार दिवस तापाने पडला होता. चार दिवस शिंग वाजलं नव्हतं आणि तळं तुडुंब होतं. गिरजा परटीण ते चारही दिवस तिथे धुणं धूत होती. या वेळी आली ती सागवानी फळी. सातांनी वरून पुन्हा पुन्हा विचारलं, पण फळी हलली नाही, आणि सुरंगी पलीकडे गेली.

तिसरं काम ऐकून मात्र ती खालीच बसली. मधुकंठाची बाजू घेऊन तिने बोलायचं होतं, आणि तेही त्याच्यापेक्षा बरं. ती म्हणाली, मी मेले तरी बोलणार नाही. थोरला भाऊ जवळच्या फांदीवर येऊन बसला. "बाई, जिथे तू बोलत नाहीस तिथेच तुझं काहीतरी पुरलेलं आहे," तो म्हणाला.

दिवस माथ्यावर आला, कलला. मग ती उठली आणि बोलली. राखणदाराचं काम जागं राहण्याचं. तो जागा असता तर पाणी जाताना त्याने पाहिलं असतं. तो त्या पहाटे आजारी नव्हता, कुठे अडकलेला नव्हता. आदल्या दिवशी पुतणीच्या मुलाच्या बारशाला भरपेट जेवला आणि उजाडेपर्यंत घोरत पडला. हे तिला ठाऊक होतं आणि तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. एवढं बोलून ती ढसाढसा रडली. सातभाई खालच्या फांद्यांवर उतरून तिच्याभोवती बसले. मग थोरल्याने तो शब्द तिच्या जिभेवर ठेवला. तो जरा तुरट लागला.

रातोरात चालून ती राजधानीत शिरली तेव्हा सहावा दिवस होता. रस्त्यात माणसं कोरड्या विहिरींशी रिकामे हंडे घेऊन बसलेली. मधुकंठाच्या घरावरून जाताना तिला डराव डराव ऐकू आलं. भिंतीला हिरवंगार शेवाळ, आणि पायथ्याशी बेडकांची ही दाटी! तिने ते पाहून ठेवलं आणि पुढे गेली. सिदोबा छातीपर्यंत दगड झाला होता.

सुरंगी चौरंगावर चढली. समोर राजा, शेजारी मधुकंठ, दारातून अंगणातला बाप दिसत होता.

"तळं राखणदारामुळे आटलं," ती म्हणाली. "कशावरून?"

दरबाराच्या झुंबरांचे लोलक शहारले. मधुकंठ काही बोलू गेला आणि जन्मात पहिल्यांदा अडखळला. सुरंगीला स्फुरण चढलं. तापाचे चार दिवस तिने असे काही रंगवून सांगितले, आवाज असा चढवला, उतरवला, की दरबार तल्लीन झाला आणि साऱ्या माना तिच्यासाठी डोलू लागल्या. तिला बरं वाटलं हो! कुणाला वाटणार नाही? तेवढ्यात अंगणातून बापाची घुसमटलेली हाक आली. दगड एका दमात वीतभर चढून गळ्याशी भिडला होता.

सुरंगीने वळून दाराकडे पाहिलं. बोलले तर खरं, मग दगड चढला का? तिने मनातल्या मनात सगळं पुन्हा मांडलं. मधुकंठ बोलला तेव्हा माना डोलल्या, दगड चढला. मी बोलले तेव्हा माना डोलल्या, दगड चढला. बोलणारा बदलला, माना त्याच. म्हणजे मंत्राला डोलणाऱ्या माना हव्यात. त्या कुणासाठी डोलतात याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

"माना आवरा," ती म्हणाली. "मी म्हणते म्हणून खरं मानू नका. मला विचारा."

कुणी हलेना. विचारायचं म्हणजे काय, हेच लोक विसरले होते. ओठ हलत, आवाज निघेना. बापाचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता आणि सुरंगी एकेकाच्या तोंडाकडे पाहत हात जोडून उभी होती. शेवटी वाचा फुटली कुणाला, तर प्रधानाला! मधुकंठाचा पक्का माणूस. एका राखणदाराची पोर दरबाराला शिकवते याचाच त्याला संताप आला होता.

"चार दिवस शिंग वाजलं नाही आणि तळं भरलेलं होतं म्हणतेस," तो गुरगुरला. "ते क... क... कशावरून?"

अंगणात काडकन आवाज झाला. एक वीत दगड गळून पडला. सिदोबाने छातीभर श्वास घेतला. सुरंगी आनंदाने हसली, प्रधानाला म्हणाली, देव तुमचं भलं करो. गिरजा परटीण पुढे आली आणि तिने त्या चार दिवसांचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत होतं ते सांगितलं. तिलाही लोकांनी विचारलं, पायरी कशावरून आठवते? ती म्हणाली, त्याच पायरीवरून घसरून माझा गुडघा फुटला, हा बघा वण. आणखी एक वीत गेली. मग कोतवालाने विचारलं, सोनाराने विचारलं, जो तो विचारू लागला. बारा वर्षांचं साचलेलं, ते काय थांबतंय! दगड मांड्यांपर्यंत उतरला.

तेव्हा कोतवाल म्हणाला, "ते सगळं असू दे. त्या पहाटे शिंग का वाजलं नाही?"

सुरंगीने बापाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"आबा झोपले होते," ती म्हणाली. "आजारी नव्हते. झोपले होते. तो त्यांचा गुन्हा, त्याची शिक्षा द्या. पण राखणदाराच्या झोपेने तळं आटत नाही."

दगड गुडघ्याखाली आला. मधुकंठ सावरून उभा राहिला. सारा मध ओतून त्याने विचारलं, मग तळं कुणी आटवलं? हिला सांगता येत नाही, म्हणजे तो राखणदारच. दोनचार माना सवयीने हलल्या आणि लाजून थांबल्या.

"मला ठाऊक नाही," सुरंगी म्हणाली. "पाहिलं ते सांगते. ठरवा तुम्ही." आणि तिने बेडकांचं आणि शेवाळाचं सांगितलं.

आता राजा भानुकेत सिंहासनावरून उठला. बारा वर्षांत तो उठून काही बोलला नव्हता.

"बेडूक आहेत म्हणजे तळ्याचं पाणी तिथे आहे, हे कशावरून? त्याच्या घरात त्याची स्वतःची विहीर असेल."

"चांगलं विचारलंत, महाराज. पण आपलीही विहीर आटली असं त्यानेच इथे सांगितलंय."

राजा वळला. "मधुकंठ, विहीर आटली आणि बेडूक नांदताहेत. दोन्ही कसं?"

मधुकंठ बोलू लागला. गोड बोलला, लांब बोलला, पण एकही मान हलली नाही. शिपाई त्याच्या घरी गेले आणि देवघरातून एक तांब्याची घागर घेऊन आले. अख्खं तळं त्या घागरीत कोंडलेलं होतं. राजा तहानेने कासावीस झाला की घोटभर पाण्याच्या बदल्यात सिंहासन मागायचं, हा त्याचा बेत. घागर बांधावर नेऊन उपडी केली, तर तिसऱ्या प्रहरापर्यंत पाणी पडतच राहिलं. तळं काठोकाठ भरलं, विहिरी भरल्या, लोक हंडे टाकून पाण्यात उड्या मारू लागले. मधुकंठाचा मंत्र गेला आणि आवाजही गेला, उरली नुसती घरघर. राजाने त्याला सात वर्षं सातभाईंच्या शेजारी राहण्याची शिक्षा दिली. त्यापेक्षा तुरुंग द्या, अशी त्याने फार विनवणी केली म्हणे.

अंगणात शेवटचा दगड गळाला आणि सिदोबाचे पाय मोकळे झाले. सुरंगीने ते दोन्ही हातांनी धरले. पाय पुन्हा उबदार होते. ती सोडेचना. "माझीही मान डोलली होती, आबा," ती म्हणाली. बापाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला की मी पाहिलं होतं.

मग तो स्वतःच्या पायांनी चालत चौरंगावर गेला आणि झोपेची शिक्षा मागितली. त्यावर दरबारात असा वाद पेटला की तळं भरल्याच्या पंगतीतला भात निवला. दंड करा म्हणणारे होते, माफ करा म्हणणारे होते, आणि प्रत्येकाला कुणीतरी कशावरून म्हणून धरत होतं. राजा मांडी ठोकून ऐकत होता. शेवटी गिरजा परटीण म्हणाली की वर्षाच्या सगळ्या पहाटे एकट्याने जागायचं हा नियमच कुठे शहाणपणाचा आहे? तेव्हा ठरलं की महिनाभर सिदोबाने एकट्याने तळ्याचा गाळ उपसायचा, आणि पुढे तळ्याला राखणदार दोन, सिदोबा आणि सुरंगी. सिदोबाने दरबाराला नमस्कार केला आणि लेकीला म्हणाला, चल, आधी जेवू.

सुरंगीला तिचे आबा मिळाले, गावाला गावाचं पाणी मिळालं, तसं ज्याचं त्याला मिळो.