दोन खाचांचं बी

त्या राज्यात एकच तळं होतं, आणि सगळ्या पाणपक्ष्यांची पिल्लं त्यातच पोहायला शिकत. शिकवायला म्हातारे कासवगुरुजी होते. तळ्यात गाळ साचला होता. राजा गुरुजींना वर्षातून चारदा मासे मोजायला पाठवी. तेवढे दिवस पिल्लं काठावर नुसती बसून राहत.

तळ्याची एक रीत होती. घरट्यातून उठताना आईने आतलं सगळं ओल्या शेवाळाने झाकायचं. ती विसरली, तर शेजारणीने झाकायचं. कुणाचं उघडं पडू द्यायचं नाही.

एका वर्षी बगळ्यांनी तळ्याच्या बांधाखाली नवा हौद बांधला. पाणी असं, की तळाचे खडे दिसावेत. बगळे म्हणाले, ‘निवड तुमची. जे पिल्लू हौदात येईल, त्याच्या वाट्याचं पाणीही त्याच्यामागे येईल.’ म्हणजे दर पिल्लामागे बांधाला एक चर पाडायचा. जागा बारा, पिल्लं साठ. म्हणून प्रत्येक आईने कमळाच्या एका बीवर आपल्या चोचीची खूण करून ते टोपलीत टाकायचं, आणि बगळ्याने डोळे मिटून बारा काढायची.

‘निवड आपली म्हणे!’ पाणकोंबडी हसली. ‘बी काढणार बगळा, आणि निवड आपली!’

तिची शेजारीण टिबुकली हसली नाही. तिची लेक इवली अंगाने सगळ्यांत लहान. बुडी मारली की घाबरून लगेच वर यायची. या गाळात हिचं कसं होणार, या काळजीने टिबुकलीला घास जात नव्हता.

सोडतीच्या सकाळी पाणकोंबडी नव्या अंड्यांवर बसली होती. तिची मोठी लेक भुरी इवलीच्याच वयाची. पाणकोंबडी म्हणाली, ‘टिबुकलीबाई, मला काही उठता येत नाही गं. माझ्या भुरीचंही बी टाकशील? हे बघ, दोन खाचा पाडल्यात.’

‘टाकते की. त्यात काय एवढं.’

वाटेत टिबुकलीच्या मनात आलं, साठातलं एक कमी झालं तर? तेवढंच. तिने ते बी गिळून पाहिलं, पण घशात अडकलं. मग ती मागे वळली, तिने आपल्या घरट्याच्या तळाशी ते ठेवलं, आणि अंडी झाकावीत तसं शेवाळाने झाकलं.

इवलीचा नंबर लागला.

‘भुरीचं नशीब नव्हतं,’ पाणकोंबडी म्हणाली. ‘तू आठवणीने टाकलंस, हेच खूप झालं बाई.’ इवलीचा चर पाडायलाही तीच मदतीला आली. टिबुकलीची चोच त्या दिवशी चालतच नव्हती.

बारा चर वाहत राहिले. एका पिल्लाचा वाटा किती, हे चराला कुठे ठाऊक असतं? हौद काठोकाठ भरला. इवली तळापर्यंत बुडी मारून खडा वर आणू लागली.

इवलीसोबत हौदाकाठी राहायला गेलेली टिबुकली उन्हाळ्यात तळ्यावर आली. ते बी काढून कुठेतरी लांब टाकावं, एवढंच तिच्या मनात होतं. तळ्याचं डबकं झालं होतं, तेही पलीकडच्या कोपऱ्यात. अलीकडे गुरुजी बुडीचा धडा घेत होते. पिल्लं रांगेत उभी राहून चिखलात डोकं खुपसत, आणि गुरुजी आकडे म्हणत.

भुरीने डोकं वर काढलं. डोळ्यांपर्यंत चिखल.

‘मावशी, मी विसापर्यंत आत होते!’

तिची पाठ कोरडी होती.

‘हुशार गं माझी बाय,’ टिबुकली कशीबशी म्हणाली, आणि मान वळवून आपल्या घरट्याकडे गेली.

एकेकाळी तरंगणारं ते घरटं भेगाळलेल्या मातीवर टेकलं होतं. इतके दिवस उन्हात ते उघडंच पडलं असणार. पण वर शेवाळ होतं. हिरवं, ओलं, त्याच सकाळचं.

तिने ते चोचीने बाजूला सारलं. खाली दोन खाचांचं बी होतं, मधोमध, नीट ठेवलेलं.

तिला ते उचलता येईना, झाकताही येईना. पलीकडच्या डबक्याकडून पाणकोंबडी, चोचीत ओलं शेवाळ धरून, सावकाश चालत येत होती.