हौद्यावरचं प्लॅस्टिक

"पण हिच्यात नवं काय आहे, ते तरी सांगू द्या याला, महाराज!"

इरफान मुलाणीने असं म्हणत पिकअपच्या चाकावर चापट मारली.

शंभूगिरी महाराज मठाच्या ओट्यावर बसले होते. मांडीवर नारळ होता, जयसिंग भोइट्याने आणलेला. नव्या गाडीपुढे तो महाराजांच्या हातून फुटावा म्हणून जयसिंग शहरातून मुद्दाम टेकडी चढून आला होता. म्हणजे, गाडी चढली होती.

आणखी एक गोष्ट त्याला हवी होती. महाराजांच्या तोंडून एकच शब्द... नवी.

विजेवर चालणारी ही पिकअप जयसिंगच्या डोक्यातून निघालेली. उद्या ती लोकांपुढे यायची होती. इरफान गाड्यांवर वर्तमानपत्रात लिहायचा आणि लोक त्याचं मानायचे. त्याचं म्हणणं, हिच्यात नवं काही नाही. दोघेही पोरवयात याच मठात वाढलेले. भांडण मिटेना, तेव्हा ठरलं की महाराज म्हणतील ते छापायचं.

"सांग," महाराज म्हणाले.

जयसिंगला तेवढंच हवं होतं.

"इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही. बॉनेट उघडा, आत सामानाला जागा. मागची फळी पाडा, हौदा लांब होतो."

"फळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही पाडतात," इरफान म्हणाला. "आणि बॅटरीवरच्या गाड्या आपल्या आज्याच्या आधीपासून आहेत. जुन्यालाच रंग दिलाय नुसता."

"रंग? अरे, हिच्या बॅटरीवर विहिरीचा पंप चालतो! पाणी वर चढवील ही!"

"असं?" महाराज म्हणाले.

शब्दाने शब्द वाढला. एकाने बॅटरी काढली की दुसरा बैलगाडी काढायचा. शहाण्या माणसांचं भांडण फार लांबतं, कारण दोघांकडेही मुद्दे असतात. घसे कोरडे पडले, पण माघार कोण घेणार?

महाराज उठले. रांजणापाशी गेले आणि आत तांब्या घातला. तांब्या तळाला लागून खडखडला.

दोघांनी रांजणाकडे वळून पाहिलं.

या टेकडीवर पाणी नाही. विहीर पायथ्याला आहे. तिच्या काठावर मठाच्या कळशा पालथ्या घातलेल्या असतात आणि वर येणारा प्रत्येक जण एक भरून आणतो. पाटील असो, पाहुणा असो, नवरदेव असो. बैलगाडी येणार असली तर गाडीवान सगळ्याच कळशा भरून घ्यायचा. त्याला कधी कुणी सांगावं लागलं नाही. या दोघांचे खांदेही लहानपणी त्याच कळशांनी सोलवटले होते.

महाराजांनी तांब्या उपडा ठेवला.

"येताना विहिरीवर कुणी होतं का रे?"

जयसिंगने गाडीकडे पाहिलं. हौद्यावर कारखान्यातलं प्लॅस्टिक अजून तसंच ताणून बसवलेलं होतं.

"कुणी... नव्हतं, महाराज."

इरफानने मान खाली घातली.

एवढ्यात वाटेच्या वळणावर खोकला ऐकू आला. पारूआत्या येत होती. मठाची चूल तिच्याकडे, आणि या दोघांना भाकरी थापून घालून वाढवलं तेही तिनेच. डोक्यावर एक कळशी, कमरेवर दुसरी. पदर भिजून अंगाला चिकटला होता.

महाराजांनी पुढे होऊन कळशी उतरवून घेतली.

"आत्या, ही दोघं दिसली न्हाईत व्हय तुला?"

"दिसली की!" आत्या धापा टाकत हसली. "म्या म्हनलं, बाबा, कळश्या ठिवू का मागं? तर जयसिंग म्हनला, आत्या, उद्या फोटू काढायचं हाईत, पानी सांडून डाग पडंल. खरंच हाय की. नवी वस्तू, जपायलाच पायजे. लई गोड बोलला. सावकाश ये म्हनला. आन् ह्या इरफाननं माजा फोटू बी काढला."

ती हे कौतुकानेच सांगत होती. तेच वाईट झालं. तिने शिव्या घातल्या असत्या तर दोघांनी निमूट खाल्ल्या असत्या.

जयसिंगच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आत्याला नाही म्हटल्याची त्याला लाज वाटली, आणि महाराजांशी खोटं बोलल्याची त्याहून जास्त. जमीन दुभंगली तर बरं, असं वाटणं म्हणजे काय ते त्याला त्या ओट्यापुढे कळलं.

आत्याने पहिला तांब्या भरला आणि त्याच्याच हातात दिला.

"घे. बोलून बोलून घसा वाळला आसंल."

त्याने तांब्या तसाच भरलेला खाली ठेवला. पिकअपपाशी गेला आणि प्लॅस्टिक ओढलं. ते टरटरा फाटलं. इरफान गाडीत त्याच्या शेजारी येऊन बसला आणि गाडी आवाज न करता उतारावरून खाली गेली.

परत आली तेव्हा हौद्यात कळशा एकमेकींना खेटून उभ्या होत्या. वळणावर पाणी हिंदकळून सांडलं होतं. कळशांच्या बुडांनी नव्या रंगावर ओरखडे ओढले होते. दोघांनी मिळून रांजण काठोकाठ भरला.

"आरं, गाडीची काय दशा केलीस ही!" आत्या पदराने ओरखडे पुसू लागली.

"राहू दे, आत्या..." जयसिंगने तिचा हात धरून थांबवला.

तो महाराजांपुढे येऊन उभा राहिला. नजर पायाच्या अंगठ्यावर.

"नारळ परत द्या, महाराज. इरफानचंच खरं. नवं काही नाही हिच्यात."

"मी कुठल्या तोंडाने लिहू?" इरफान पुटपुटला. "मीही गाडीतच होतो."

महाराजांनी नारळ परत दिला नाही. हौद्यात साचलेल्या पाण्याकडे पाहून ते इरफानकडे वळले.

"नवं नाही कसं? खुशाल छाप. या टेकडीवर रिकामी चढून आलेली ही पहिलीच गाडी."