पाणपोईवाले दाजी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाची वेससुद्धा आता उरलेली नाही.

त्या गावात घरं मिळवून देणारे एक दलाल होते. सगळे त्यांना दाजी म्हणत. घर घ्यायचं असो की विकायचं, दाजींवाचून पान हलत नसे. गावकार्यातही तेच पुढे. जत्रेचा मांडव त्यांचा, तालमीची माती त्यांची, आणि भर चौकातली पाणपोईसुद्धा त्यांचीच. लोक गार पाणी पीत आणि म्हणत, "दाजींसारखा पुण्यवान माणूस नाही!"

त्या गावात टोपल्या विणणारी एक तरुण बुरूडीण राहायला आली. भांडं पडलं तरी दचकणारी. पदरी एक लहान लेक. गाठीचं सगळं देऊन तिने दाजींकडून घर घेतलं. घेताना चाचरत विचारलं, "दाजी, आडाचं पाणी गोड आहे ना?"

दाजींनी वाळा घातलेल्या माठातलं पाणी तिच्या हाती दिलं. "पिऊन बघ की! आडातलंच आहे. आभाळातून आणलं का मी?"

पाणी गोड होतं.

राहायला आल्यावर तिने आडात पोहरा सोडला, तर वर आलं निळसर, कडूजहर पाणी! तिच्या आळीखाली पूर्वी कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांची कुंडं होती. दाजींनीच ती बुजवून वर घरं उठवली होती. लेक ते पाणी प्यायली आणि तापाने फणफणली. साऱ्या आळीची हीच गत. रोज सकाळी सगळे घागरी घेऊन दाजींच्या पाणपोईवर उभे; तिथलं पाणी दाजींच्या स्वतःच्या घरच्या गोड आडातलं.

ताप उतरल्यावर लेक आईबरोबर तिथे गेली. पाणपोईवरचा गडी म्हणाला, "आधी दाजींच्या नावाने हात जोड, मग ओंजळ धर."

पोरीने मुकाट्याने हात जोडले. बुरूडणीच्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढे गावाने दाजींना मानाचं पागोटं बांधायचं ठरवलं. नवी घरं उठवायला नदीकाठचं गायरानही त्यांच्या हवाली होणार होतं. भर सभेत बुरूडीण तांब्या घेऊन उभी राहिली.

"दाजी, माझ्या आडाचं पाणी आहे. एक घोट घ्या."

दाजी हसले. "घेतलं असतं गं, पण आज माझा उपास."

"उपासाला पाणी चालतं, दाजी."

कुणीतरी फिस्सकन हसलं. दाजींचा चेहरा उतरला. बुरूडीण स्वतःच्याच आवाजाने दचकली, पण थांबली नाही. "माझ्या लेकीने प्यायचं ते तुम्हांला का नको? आमच्या घरातलं पाणी हिरावलंत, आणि चौकात ओंजळभर देऊन वर हात जोडून घेता? लाज कशी वाटत नाही?"

शेजारचा म्हातारा उठला आणि घरून आपला तांब्या घेऊन आला. मग सगळी आळीच उठली. दाजींपुढे तांब्यांची रांग लागली. दाजींनी एकालाही हात लावला नाही.

वृद्ध पंचांनी पागोटं पुन्हा घडी घालून ठेवलं. "दाजी, तुमच्या घरात आता ही बुरूडीण राहील, तिच्या घरात तुम्ही. आळीतल्या प्रत्येकाला गोड पाण्याचं घर द्याल, तेव्हाच आपल्या घरी परत या."

दुसऱ्या दिवशी दाजी घागर घेऊन चौकात आले आणि रांगेच्या शेवटी उभे राहिले. पाणी घालायला बुरूडणीची लेक बसली होती. सवयीने... की भीतीने कोण जाणे, दाजींनी हात जोडले.

"हात नका जोडू," पोर म्हणाली. "ओंजळ धरा."

बोध: ज्याने आपलं पाणी हिरावलं, त्याने दिलेल्या ओंजळभर पाण्याला दान म्हणू नये.