कान्हूची न विझणारी चूल

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ती ज्या राज्यात घडली त्याचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. त्या राज्याच्या उत्तरेला उंच डोंगर होते आणि डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथला हिवाळा म्हणजे थट्टा नव्हे. बर्फ पडायचं, ओढे गोठायचे, सकाळी दारं ढकलून उघडावी लागायची. म्हणून तिथल्या प्रत्येक घरात एक भली थोरली चूल असे. ही चूल स्वयंपाकाची नव्हे, घर उबदार ठेवण्याची. दगडामातीची, कमरेएवढी उंच, चहूबाजूंनी बंद. पुढे लाकडं घालायला लोखंडी दार, दाराखाली वारा आत घ्यायला लहानशी झडप, आणि पाठीमागून छपराबाहेर गेलेलं धुरांडं.

त्या गावात बयजा नावाची एक बाई राहत होती. तिचा नवरा कान्हू. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, बायकोला कधी वावगं न बोलणारा. पण एखादी गोष्ट त्याच्या डोक्यात बसली, की ती काढायला पहार लागे.

त्या वर्षी हिवाळा आला, पण नुसता नावाला. मार्गशीर्ष लागला तरी बर्फाचा पत्ता नाही. सकाळी जरासा गारवा, मग दिवसभर लख्ख ऊन. लोकांनी घोंगड्या घडी करून ठेवून दिल्या. त्याच दिवसांत बयजाची लेक मैना बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली.

आणि त्याच दिवशी कान्हूनं चूल पेटवली.

"घरात बाळंतीण आहे," तो म्हणाला. "आता ही चूल फाल्गुनापर्यंत विझायची नाही."

पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी घराची भट्टी झाली. मैना घामानं निथळू लागली, बाळाच्या मानेवर घामोळं उठलं. बयजानं खिडकी उघडली. कान्हूनं ती लावली. बयजानं पुन्हा उघडली. कान्हूनं पुन्हा लावली आणि वर फळी ठोकली.

पण उकडत त्यालाही होतं. अंगातली बंडी काढून बसला तरी घाम थांबेना. तेव्हा त्यानं एक युक्ती काढली. चूल विझवायची नाही, फक्त मंद करायची. त्यानं खालची झडप लावून टाकली. वारा मिळेना तशी लाकडं जळायची थांबून धुमसू लागली. बाहेरची हवा उबदार, त्यामुळे धुरांडंही धूर नीट ओढेना. धूर आला तसा मागे फिरला आणि चुलीच्या फटीफटीतून घरभर पसरला. मग धूर जावा म्हणून कान्हूनं स्वतःच ती फळी उपटली. खिडकी उघडल्यावर संध्याकाळी घर गार पडलं. घर गार पडलं म्हणून त्यानं आणखी चार लाकडं घातली. आणखी लाकडं घातल्यावर पुन्हा भट्टी झाली.

एक भट्टी, नाहीतर धूर. तिसरं काही त्या घरात उरलं नाही.

बयजाचे दिवस कसे जात होते ते तिलाच ठाऊक. धुतलेली दुपटी वाळता वाळता काळी व्हायची, ती पुन्हा धुवायची. दुधावर काजळी तरंगायची. बाळ खोकायचं, बाळ खोकलं की मैना रडायची. आणि कान्हू मात्र दिवसातून तीनदा लाकडांची मोळी घेऊन दारात हजर.

सहाव्या दिवशी बयजाचा धीर सुटला.

"अहो, जरा अंगणात या. दोन क्षण उभे राहा, आणि थंडी वाजते का ते मला सांगा."

"मी अंगणात कशाला येऊ? बाळ घरात आहे."

"थंडीच नाहीये हो यंदा!"

"मार्गशीर्ष महिना आहे. मार्गशीर्षात थंडी असते."

"असते. यंदा नाहीये."

"नाहीये, तर येईल."

"मग आल्यावर पेटवा!"

"आल्यावर उशीर होतो," कान्हू म्हणाला आणि मोळी सोडू लागला.

बयजा पुन्हा दुपट्यांकडे वळली. तो असं का म्हणाला ते तिला माहीत होतं. खूप वर्षांपूर्वी, मैनेच्याही आधी, त्यांना एक मुलगा झाला होता. तो हिवाळा भयंकर होता. दिवसभर बर्फ उपसून दमलेल्या कान्हूचा डोळा लागला आणि पहाटे चूल विझली. दोन दिवसांत बाळाच्या छातीत कफ भरला आणि ते गेलं. त्यानंतर कान्हूनं त्याचं नाव काढलं नाही. कुणी काढलं तर तो उठून जाई.

अशा माणसावर रागवायचं तरी कसं? आणि न रागावता राहायचं तरी कसं? दुःखाशी भांडता येत नाही, आणि धूर तर डोळ्यांत जातच होता.

आठव्या दिवशी गावात धुरांडी झाडणारा म्हातारा आला. दरवर्षी तो लांब काठीला काट्यांचं झुडूप बांधून घरोघर फिरे. कान्हूच्या छपरावरून घरंगळणारा पिवळट, जड धूर पाहून तो रस्त्यातच थबकला.

"बाई," तो बयजाला म्हणाला, "ही चूल कुणी गुदमरवली?"

"या, घरातच या," बयजा म्हणाली. "आणि हेच आमच्या धन्याला सांगा. माझं सांगून झालंय."

म्हाताऱ्यानं सांगितलं. साध्या शब्दांत सांगितलं. "कान्हूभाऊ, हवा अशी असली की सकाळी चार सुकी लाकडं घालावीत, झडप उघडी ठेवावी, धडाडून जळू द्यावीत आणि विझू द्यावीत. तापलेली माती दिवसभर ऊब देते. आग कोंडून ठेवली की धुराचा काळा चिकटा धुरांड्याला आतून बसतो. तो डांबरासारखा असतो. एखाद्या दिवशी मोठी ज्वाळा वर गेली की तोच पेटतो, आणि मग छप्पर आपलं राहत नाही. आज चूल थंड करा, उद्या मी झाडून देतो."

"थंड?" कान्हू ताडकन उठला. "अख्खा दिवस? माझ्या घरात आठ दिवसांचं लेकरू आहे! तुम्ही फाल्गुनात या."

"फाल्गुनापर्यंत छप्पर राहिलं तर येतो," म्हातारा म्हणाला आणि काठी उचलून चालता झाला.

"घालवलंत ना त्यांना!" बयजानं हातातलं ओलं दुपटं दाणकन बादलीत आपटलं. "मी सांगितलं ते ऐकलं नाहीत. लेकीनं सांगितलं ते ऐकलं नाहीत. आता ज्यानं जन्मभर हेच काम केलं त्याचंही ऐकू नका. ती चूलच तेवढी तुमची सगी, आम्ही परके!"

कान्हूनं मान खाली घातली. आणि चुलीत एक लाकूड घातलं.

बाराव्या दिवशी बारसं होतं. भर दुपारी गावातल्या बायका जमल्या, पाळणा सजला, घुगऱ्यांची पातेली भरून ठेवली. पण कुणाला गाणं म्हणवेना. जी तोंड उघडे ती खोकू लागे. डोळे पुसता पुसता एक म्हातारी म्हणाली, "बयजा, आम्हाला बारशाला बोलावलंस की धुरी घ्यायला?"

बायका हसल्या. कान्हूचा चेहरा उतरला. लेकीच्या सासरचे लोक बसलेले, त्यांच्यासमोर ही शोभा! तो तडक बाहेर गेला, सुक्या देवदाराच्या ढलप्या कवेत मावतील तेवढ्या घेऊन आला आणि सगळ्या चुलीत कोंबल्या. मग झडप पूर्ण उघडली.

"आता बघा धूर कसा पळतो," तो म्हणाला.

आणि खरंच पळाला. ज्वाळा भडकल्या, धूर वर खेचला गेला, घर स्वच्छ झालं. बायकांनी पाळण्याची दोरी हातात घेतली.

तेवढ्यात धुरांड्यातून घरघर ऐकू आली. आधी जात्यासारखी, मग पूर आलेल्या नदीसारखी. धुरांड्याची माती तडकली आणि फटीतून लाल उजेड दिसला.

बयजाला कळलं. "सगळ्यांनी बाहेर व्हा!" ती ओरडली. "मैना, बाळाला घे! आधी बाळाला!"

कान्हूनं पाण्याची घागर उचलली होती.

"पाणी नको!" बयजानं त्याचा दंड धरला. "तापलेली चूल फुटेल. दार लावा, झडप लावा, तिचा वारा तोडा!"

तापलेलं लोखंडी दार कान्हूनं उघड्या हातांनी लोटलं. त्याचे दोन्ही तळवे भाजले, पण दार लागलं. बयजानं चिमट्यानं झडप बसवली आणि दोघं बाहेर पळाली. धुरांड्याच्या तोंडातून पुरुषभर उंच जाळ निघत होता. शेजारीपाजारी शिड्या घेऊन धावले, ओली पोती टाकली, चिखल थापला. सूर्य कलेपर्यंत आग आटोक्यात आली. माणसं सगळी वाचली. अर्धं छप्पर गेलं.

अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली मैना बाळाला घेऊन बसली होती. कान्हू धडपडत तिथं आला. कुणाचा शेला, कुणाची शाल, दिसेल ते कापड तो बाळावर टाकू लागला.

"बाबा," मैना म्हणाली, "पुरे. हात लावून बघा. तिचे पाय गरम आहेत."

भाजलेल्या हाताच्या पाठीनं त्यानं बाळाच्या पावलांना स्पर्श केला. पावलं गरम होती. उघड्या आभाळाखाली, चुलीवाचून, ती पावलं गरम होती.

कान्हू मातीत बसला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडला.

"तेव्हा मी झोपलो होतो गं, बयजा."

बयजा त्याच्याशेजारी बसली. "त्या वर्षी या गावात सात पाळणे रिकामे झाले," ती म्हणाली. "त्यातल्या सहा घरांत चूल पेटलेली होती."

"हे मला कधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कधी बोलू दिलंत? नाव काढलं की उठून जायचात. मी सांगणार कुणाला, भिंतीला?"  मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि त्याच्या तळव्यांना लोणी लावायला घेतलं.

बारसं त्या झाडाखालीच झालं. नवं छप्पर होईपर्यंत महिनाभर ते कुटुंब शेजाऱ्याच्या गोठ्यात राहिलं. धुरांडी झाडणारा म्हातारा पुन्हा आला. त्यानं दोन टोपल्या भरून काळा चिकटा खरवडून काढला आणि कान्हूच्या पुढ्यात ओतला.

माघात चार दिवस खरी थंडी पडली. तेव्हा चूल सकाळी धडाडून पेटली, भिंती तापल्या आणि आग आपोआप विझली. धूर कुणाला दिसलासुद्धा नाही.

कान्हू मात्र पुरता सुधारला असं समजू नका. आता रोज सकाळी तो अंगणात जाई, उघड्या अंगानं उभा राही, आणि आत येऊन विचारी, "बयजा, आज पेटवू का गं? का नको?" मग पुन्हा बाहेर जाई आणि पुन्हा विचारी.

"अहो, हवा तुम्हाला लागते की मला?" बयजा कपाळाला हात लावून म्हणे. "तुमचं तुम्ही ठरवा!"

आणि कान्हू पुन्हा अंगणात जाऊन उभा राही.

बोध: गेलेल्या हिवाळ्याची थंडी आजच्या चुलीनं जात नाही, आग पेटवावी ती दारातली हवा पाहून, मनातली भीती पाहून नव्हे.