दगडातलं नाव

“...पण काना पसरायला सुरुवात नेमकी कुठून करायची, एवढं तरी सांगाल का?”

शाल्मलीनं तिसऱ्यांदा विचारलं. अप्पा हिर्लेकर वाटीत टाक धूत होते. ते धूतच राहिले.

अक्षर शिकवण्यात अप्पांचा जन्म गेला होता. आता ऐंशीच्या घरात पोचले होते आणि डोंगराच्या पायथ्याशी एकटेच राहत होते. शाल्मली त्यांची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. अप्पा तसं कधी म्हणाले नव्हते. ते तिचं तिनंच ठरवलं होतं.

दोन वर्षं खपून तिनं एक नवा फाँट घडवला होता. त्यातली प्रत्येक उभी रेघ मध्ये सडपातळ, आणि टोकांकडे जाता जाता हलकेच रुंदावणारी. टोकाला गाठ नाही, नक्षी नाही. जमिनीवर पाऊल टेकताना टाच पसरावी, तेवढंच. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ती अक्षरं गाजली. एका संग्रहालयानं पाट्यांसाठी घेतली.

आता ती अक्षरं दगडावर जायची होती.

तिच्या आजोळच्या वाडीवर दरड कोसळली होती. गेलेल्या माणसांची नावं काळ्या दगडात कोरायची होती, तिच्याच अक्षरांत. त्यात तिच्या सगुणामामीचं नाव होतं. परवा छिन्नी लागणार होती.

तिनं नमुन्याचा कागद पुढे सरकवला. वर वाडीचं नाव मोठं, खाली माणसांची नावं बारीक.

अप्पांनी चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेला.

“वर झकास.”

“आणि खाली?”

“खाली सगळ्यांनी बेलबॉटम घातलीय.”

शाल्मलीचे कान तापले. कारण ते तिलाही दिसलं होतं, आणि काही केल्या सुटत नव्हतं.

“अप्पा, प्रत्येक काना एकाच मापानं रुंद केलाय मी. तपासून बघा. केसाइतकी चूक सापडायची नाही.”

“नाहीच सापडली.”

“मग?”

अप्पांनी कोपऱ्यातली काठी उचलली. “चल.”

डोंगराच्या कुशीत एक लेणं होतं. छोटंसं, एका खोलीएवढं. चढताना अप्पा तीनदा बसले. वर पोचले तेव्हा सूर्य अजून वर होता. अप्पांनी आतल्या डाव्या भिंतीकडे काठी केली.

शाल्मलीनं पाहिलं. खडबडीत कातळ. वटवाघळांचे डाग.

“इथं काय आहे?”

“बस.”

ती बसली. परवाचं काम डोक्यात घोळत होतं. तिनं दोनदा मोबाइल काढला, दोनदा ठेवला. मग तेही सुटलं.

सूर्य उतरला. ऊन दारातून आडवं आत शिरलं आणि भिंतीला घासत पुढे सरकू लागलं.

आधी नुसते ठिपके उठले. सावलीचे छोटे छोटे ठिपके, जोडीजोडीनं, एक वर, एक खाली. मग प्रत्येक जोडीच्या मधून एक बारीक रेघ उमटली. ठिपके नव्हतेच ते. रेघांची टोकं होती. टोकं रुंद, म्हणून सावली आधी तिथं साठली होती.

बघता बघता भिंतभर अक्षरं उभी राहिली.

शाल्मली कधी उठली ते तिला कळलं नाही. ओळखीचं एकही अक्षर नव्हतं. तरी अंगावर काटा आला. देवळातसुद्धा तिचे हात कधी आपणहून जोडले गेले नव्हते. आत्ता जोडले गेले.

“हात लाव,” अप्पा म्हणाले.

तिनं एका उभ्या रेघेत बोट ठेवलं. वरून खाली नेलं. खालून वर नेलं. मध्ये बोट जेमतेम मावत होतं, टोकाला ऐसपैस.

“कुठून पसरली?”

तिनं पुन्हा बोट फिरवलं. सावकाश. डोळे मिटून.

“...सापडत नाही, अप्पा.”

तिनं डोळे उघडले.

“काय लिहिलंय हे?”

“बुधिला नावाची बाई होती. तिनं इथं पाण्याचं टाकं दिलं.”

“कोण होती? कुणाच्या राज्यात?”

“ठाऊक नाही.”

“आणखी काहीच नाही?”

“नाव आहे.”

शाल्मलीचं बोट त्या रेघेतच राहिलं. तिच्या डोळ्यांपुढे सगुणामामी आली. दारात उभी राहून ‘आलीस गं बाय?’ म्हणणारी. आणि कागदावरच्या त्या बारीक ओळीत, बाकीच्यांसारख्याच मापात बसवलेली.

तिनं मोबाइल काढला. वाडीतल्या काकांना फोन लावला.

“काका, परवा नको. दगड थांबवा... नाही, दगड चांगला आहे. अक्षरं व्हायचीत अजून.”

पलीकडून पुष्कळ बोलणं आलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. “हो, माझीच चूक,” म्हणाली आणि फोन ठेवला.

तेवढ्यात सूर्य समोरच्या डोंगराआड गेला. रेघा पुसट झाल्या, मग टोकं. भिंत पहिल्यासारखी नुसता कातळ झाली.

“गेलं!” ती कळवळून म्हणाली, आणि मोबाइलची बॅटरी लावून तिनं उजेड भिंतीवर धरला.

अप्पांनी आपला तळवा त्या उजेडावर ठेवला.

काळोख झाला.

“आता बोटानं वाच.”